एका दिवसाचं सुतक

वाचकाचं पत्र (नावं गाळून, थोडं संक्षेपाने):

"ताई, नमस्कार. मी ४१ वर्षांचा आहे. नाशिकला अंबडच्या एका कंपनीत नोकरी, राहायला सिडकोत. शाळा पंचवटीत झाली. आठवी ते दहावी मी आणि तो एका बाकावर. २००० साली दहावीच्या भूमितीच्या पेपरला माझी कंपासपेटी घरी राहिली. त्याने स्वतःची माझ्या हातात कोंबली, 'मी बघतो' म्हणाला आणि त्याच्या वर्गाकडे पळाला. त्याने कुणाकडून काय मागून घेतलं ते मला आजही माहीत नाही. पेटी परत करायची राहून गेली.

पुढे तो आयटीआयला गेला, मी डिप्लोमाला आणि मग पुण्याला. फोन कमी होत गेले. शेवटचं बोलणं २००८च्या पुरात झालं. टीव्हीवर नाशिक बघून मी फोन केला, तर हा पठ्ठ्या अर्धा तास पुराचंच सांगत बसला. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कंबरेपासून वर पाणी कसं चढत गेलं, भांडी बाजारातल्या एका दुकानाचा माल पोरांनी हातोहात माडीवर कसा चढवला, हेच सगळं. खास असं काहीच बोललो नाही. पुढच्या वर्षी त्र्यंबक रोडला त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला. २५ वर्षांचा होता. नाशिकमध्ये असलेली वर्गातली मुलं हॉस्पिटलात धावली, रक्त दिलं. मला चौथ्या दिवशी कळलं. आता जाऊन काय करायचं, असं वाटलं. दहाव्यालाही गेलो नाही. नंतर जायची लाज वाटत गेली.

सात वर्षांपूर्वी मी नाशिकला परत आलो. काकू, म्हणजे त्याची आई, पंचवटीत त्याच घरात असतात. काका गेले. त्याची धाकटी बहीण लग्न होऊन इंदिरानगरला असते. काकू बुधवारच्या बाजारात दिसतात. मी रांग बदलतो. ताई, आतापर्यंत चार वेळा रांग बदलली.

आता डिसेंबरात आमच्या बॅचचं पंचविसाव्या वर्षाचं गेट-टुगेदर आहे. एक म्हणतो दोन मिनिटं श्रद्धांजली ठेवू, दुसरा म्हणतो आनंदाच्या दिवशी रडारड कशाला. एकाने एआयने त्याचा दहावीचा फोटो हसता-बोलता करून सगळ्यांना पाठवला. मला तो बघवला नाही. त्याच आठवड्यात माझा मुलगा, आठवीत आहे, कपाटातून ती पेटी घेऊन आला. झाकणाच्या आत कर्कटकाने कोरलेलं नाव आहे. 'बाबा, हे कोण?' मी म्हणालो, 'असंच, जुना मित्र.' त्या रात्रीपासून झोप लागत नाही. बायको म्हणते, सोळा वर्षं झाली, सख्खा भाऊ होता का? मला एवढं वाटून घ्यायचा हक्क आहे का? आणि काकूंकडे जाऊ का?"

उत्तर:

'सख्खा भाऊ होता का' या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबले. वहिनींना दोष देत नाही. त्यांनी विचारलं तेच आपल्याकडे सगळेच विचारतात. भाऊबंदांना दहा दिवस, सोयऱ्यांना तीन. त्या दिवसांत काय करायचं ते ठरलेलं असतं. घरात चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. दहाव्याला घाट, तेराव्याला गोडाचं जेवण आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर. ज्याचं माणूस गेलं त्याला निदान एवढं कळतं की आज रडायचं आणि उद्या उठायचं. मित्राच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. कंपनीत रजेच्या अर्जावर 'मयताशी नातं' विचारलं तर तुम्ही काय लिहिणार होतात? आपली भाषाही इथे कठोर आहे. 'मला त्याचं सोयरसुतक नाही' असं आपण ज्याच्याशी काही देणंघेणं नाही त्याच्याबद्दल म्हणतो. सुतक नाही म्हणजे दुःखही नाही, असा हिशेब बोलण्यातच मुरलेला आहे.

केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखावर लिहिलं, ज्याला आजूबाजूची माणसं दुःख म्हणून मोजतच नाहीत. न मोजलेलं दुःख लवकर संपतं असं नाही, ते कपाटात जाऊन बसतं. तुमचं सोळा वर्षं बसलं होतं, मुलाने बाहेर काढलं.

पण हक्काचं विचारलंत म्हणून एक सांगते. जुन्या धर्मशास्त्रात अशौचाचे, म्हणजे सुतकाचे, नियम सांगताना सब्रह्मचारी, म्हणजे एका गुरूजवळ बरोबरीने शिकलेला, गेला तर एक दिवसाचं अशौच सांगितलं आहे. नातं नाही, गोत्र नाही, फक्त बरोबर शिकलो एवढ्यासाठी. ते शास्त्र कुणाला शिकू देत होतं आणि कुणाला दाराबाहेर उभं करत होतं हे मला ठाऊक आहे. काळाराम मंदिराच्या गावात राहून ते विसरता येत नाही, आणि त्यातलं पुष्कळसं टाकून द्यावं याच मताची मी आहे. तरी ही एक ओळ मला टाकवत नाही. कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की शेजारी बसून पाठ केलेला मुलगा गेला की मागे राहिलेल्याचा एक दिवस तरी जातोच.

आणि तुम्ही तर रामकुंडाच्या गावचे. देशभरातून माणसं हातात कलश घेऊन इथे येतात ते तुम्ही लहानपणापासून बघत आलात. तर्पणात घरच्या सगळ्यांची नावं घेऊन झाली की शेवटी एक ओंजळ असते, 'येऽबान्धवा बान्धवा वा येऽन्यजन्मनि बान्धवाः'. जे नातलग नव्हते, जे होते, जे दुसऱ्या कुठल्या जन्मी असतील, ते सगळे या पाण्याने तृप्त होवोत. त्यात पहिलं नाव अबांधवाचं, नातलग नसलेल्याचं आहे. तुम्ही असलं काही मानता की नाही, मला ठाऊक नाही. मी स्वतः फारसं मानत नाही. पण हक्काचं उत्तर घाटावरच होतं, तुमच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

तेव्हा एक दिवस पाळा. सोळा वर्षं उशिरा असला तरी पाळा. रजा टाका, कारणात 'वैयक्तिक' लिहा. त्या दिवशी काय करायचं ते तुम्ही स्वतःच पत्रात लिहून ठेवलं आहे. पेटी परत करायची आहे.

त्याआधी मुलाला सांगा. आजच सांगा. 'असंच, जुना मित्र' हे उत्तर तुमच्या तोंडून निसटलं, त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका, अचानक विचारलं की असंच होतं. रात्री जेवणं झाली की पेटी त्याच्या समोर ठेवा आणि भूमितीच्या पेपरची गोष्ट पहिल्यापासून सांगा. वहिनींनाही तिथेच बसू द्या. त्यांनी बहुधा ही गोष्ट ऐकलेलीच नाही. सांगताना गळा दाटला तर दाटू द्या. बापाला मित्र आठवून रडू येतं हे आठवीतल्या मुलाने बघितलं तर त्याचं काही बिघडत नाही. आणि काकूंसमोर बोलायच्या आधी एकदा मोठ्याने बोलून झालेलं बरं.

आता माझं सांगते. कॉलेजात माझी एक मैत्रीण होती. शेवटच्या वर्षाला असताना आजाराने गेली, एकवीस वर्षांची. मीही गेले नव्हते. घाबरले होते. तिच्या आईकडे बघायचं कसं हे मला कळत नव्हतं. वर्षभराने तिच्या वडिलांना पत्र लिहिलं, चार पानं, त्यात माझ्या अपराधाच्या भावनेचीच तीन. त्यांचं आंतरदेशीय पत्र आलं. माझ्या तीन पानांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. एवढंच विचारलं होतं, 'ती वर्गात कुठे बसायची?'

मी कळवलं. खिडकीकडचा तिसरा बाक. तिथून सायकल स्टँड दिसायचा आणि तिला स्वतःच्या सायकलवर नजर ठेवायची असायची, कारण वडिलांनी ती ओव्हरटाइम करून घेऊन दिली होती. हे मी सहज लिहून गेले. पुढे तिच्या आईने भेटीत सांगितलं की ते वाचून ते पहिल्यांदा मोकळेपणी रडले. सायकल घेऊन दिली हे त्यांना माहीत होतं, ती तिच्यावर नजर ठेवून बसायची हे माहीत नव्हतं.

आई-बापांकडे मुलाचं सगळं असतं असं आपण धरून चालतो. तसं नसतं हो. सकाळी डबा घेऊन गेलेला मुलगा संध्याकाळी परत येतो, मधले सहा-सात तास त्यांच्याकडे नसतात. ते मास्तरांकडे थोडे असतात आणि बाकावरच्याकडे बाकीचे सगळे. मूल जिवंत असलं तर त्या तासांचं फार काही वाटत नाही. गेलं की प्रत्येक तासाला किंमत येते. तुमच्याकडे तीन वर्षांचे तास आहेत. काकूंना ठाऊक आहे का की त्यांच्या मुलाने बोर्डाच्या पेपरला आपली पेटी दुसऱ्याला देऊन टाकली होती? मला नाही वाटत. घरी येऊन आईला असलं सांगून बोलणी कोण खाईल? हरवली, म्हणाला असेल.

आणि पुराचा फोन. 'खास काहीच बोललो नाही' असं तुम्ही लिहिलंत, ते खोडा. २००८च्या त्या सप्टेंबरात पंचविशीच्या आतला एक मुलगा दुसऱ्याच्या दुकानातला माल हातोहात माडीवर चढवतो आणि दूर असलेल्या मित्राला मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर आलं ते सांगत बसतो. नाशिकचा माणूस पूर फुटांत मोजत नाही, मारुतीच्या अंगाने मोजतो, हे पुण्यातल्या ऑफिसात तुमच्याशिवाय कुणाला कळलं असतं? त्याने तुम्हाला गावातलाच धरून सगळं सांगितलं. काकूंना हा फोन शब्दन् शब्द सांगा. त्यात त्याचा आवाज आहे.

जायचं कसं, हे थोडं नीट सांगते. कारण अशा भेटी चांगल्या मनाने गेलेल्या माणसांकडूनच बिघडतात.

आधी बहिणीला फोन करा. तिला सांगा, मी अमुक, दादाच्या बाकावरचा, काकूंना भेटायचं आहे, त्यांना झेपेल का. तिला आईची तब्येत आणि मन दोन्ही माहीत असणार. ती थांबा म्हणाली तर थांबा. एकटे जा, चार मित्रांना घेऊन नको. चौघं आले की काकूंना ते पाहुणे म्हणून सांभाळावे लागतील. हार नको, फोटोपुढे ठेवायला पेढे नकोत. पितृपक्षातली चतुर्दशी टाळा, अपघाताने गेलेल्यांचं श्राद्ध त्या तिथीला करतात आणि त्यांच्याकडे ती पाळत असतील तर तो दिवस घरच्यांचा आहे.

गेल्यावर एकच वाक्य माफीचं. 'काकू, मला यायला फार उशीर झाला.' पुढे 'कारण' हा शब्द काढू नका. पुणे, नोकरी, लाज, यातलं काही नको. तुमची टोचणी खरी आहे, पण ती काकूंपुढे मांडली की त्या 'जाऊ दे बाळा' म्हणत तुमचीच समजूत काढत बसतील. सोळा वर्षांपूर्वी मुलगा गेलेल्या बाईला हे काम देऊ नका. टोचणी मला लिहिलीत तेवढी पुरे.

'देवाला चांगली माणसं लवकर लागतात' म्हणू नका. 'मला तुमचा मुलगाच समजा' तर मुळीच म्हणू नका. ते निभावणं फार अवघड असतं आणि अर्धवट निभावलं तर त्या घरातून एक मुलगा दुसऱ्यांदा गेल्यासारखं होतं. त्या विचारतील, मुलं किती, केवढी. लपवू नका. एक मुलगा, आठवीत, एवढं सरळ सांगा. त्या मनात मोजतील आणि तुम्हाला ते मोजणं दिसेल. गप्प बसा, चहा घ्या, पुढ्यात ठेवतील ते खा. दहावीच्या वर्षी तुम्ही त्यांच्याकडे जात असाल तेव्हा काकू साधारण तुमच्या आजच्या वयाच्या असतील. हे मनात धरून बसलात तर नजर चुकवावीशी वाटणार नाही.

जे आठवत नाही ते आठवतंय असं सांगू नका. इतक्या वर्षांत तुमच्या आठवणींना आपोआप काही जोडलं गेलं असेल, सगळ्यांचंच होतं. पण मुद्दाम गोड केलेली आठवण आईला लगेच ओळखू येते. तो खोड्या करायचा तर खोड्या सांगा. तुमच्या वहीतून गृहपाठ उतरवायचा तर तेही सांगा.

कदाचित काकू दहा मिनिटांत उठतील, कदाचित पेटीला हात लावणार नाहीत. कदाचित म्हणतील, तुझ्याकडेच राहू दे. जे म्हणतील ते.

गेट-टुगेदरचं मी थोडक्यात सांगते, कारण मला ते तेवढं अवघड वाटत नाही. श्रद्धांजली हवीच की नकोच, या वादात पडू नका. डीजे थांबवून दोन मिनिटं उभं राहायचं आणि लगेच गाणं लावायचं, हे मला स्वतःला पटत नाही. त्यापेक्षा प्रत्येकाने घरून एक कागद लिहून आणावा, हाताने लिहिलेला. त्यात त्याने केलेली एक गोष्ट असावी. 'दिलदार होता, हसतमुख होता, मनमिळाऊ होता' हे नको, ते पेपरातल्या निधनवार्तेत सगळ्यांबद्दल असतं. कुठल्या दिवशी, कुठे, काय केलं, ते लिहा. बारा कागद जमले तरी खूप झाले. ते वाचायचे की नाही ते तिथे ठरवा, पण काकूंना नेऊन द्या. ज्यांनी त्या रात्री रक्त दिलं त्यांनाही लिहायला सांगा. त्यांच्या मनातही त्या रात्रीचं काहीतरी साचलेलं असणार. आपण दिलं तरी तो राहिला नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं असेल? त्यांना पुन्हा रक्तदान करावंसं वाटलं तर छानच. १८ ते ६५ वयाचा निरोगी माणूस करू शकतो, पुरुषांना दर तीन महिन्यांनी चालतं.

स्मृतिपुरस्कार, स्मृतिचषक असलं काही त्या दिवशीच्या भरात जाहीर करू देऊ नका. दोन वर्षं उत्साह टिकतो, तिसऱ्या वर्षी वर्गणी येत नाही आणि आपल्या मुलाच्या नावाचं काहीतरी बंद पडलेलं आईला बघावं लागतं. दहा वर्षांचे पैसे आधी बाजूला ठेवता येत असतील तरच तो विषय काढा, तोही काकूंना विचारून.

तो हलता-बोलता केलेला फोटो काकूंपर्यंत पोचू देऊ नका. करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, त्याच्यावर चिडू नका. त्याला बाजूला घेऊन सांगा. ज्या चेहऱ्याची प्रत्येक हालचाल त्या बाईने पंचवीस वर्षं बघितली, तो चेहरा मशीनच्या अंदाजाने हललेला तिने न विचारता का बघावा? बघायचा की नाही हे त्यांना आणि त्यांच्या मुलीलाच ठरवू द्या.

झोपेचं मी हलक्यात घेत नाही. मुलाशी बोलून, काकूंना भेटूनही दोन-तीन आठवडे झोप लागली नाही, कामात मन लागेना, तर डॉक्टरांकडे जा. मानसिक त्रासात मदत करणाऱ्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. दुःख जुनं आहे म्हणून फोन करायला संकोच वाटून घेऊ नका.

पेटी घासूनपुसून चकचकीत करू नका. गंज असेल तर असू दे. गुण्या, कोनमापक यातलं काही हरवलं असेल तर नवीन आणून भरू नका, आत जे उरलं आहे तेवढंच द्या. मुलगा बरोबर येतो म्हणाला तर पहिल्या खेपेला नको, दुसऱ्या वेळी न्या. आणि बुधवारी जाऊ नका. बाजाराचा दिवस, काकू घरी सापडायच्या नाहीत. गुरुवारी जा, अकराच्या सुमाराला.